बेडकाचा पाण्याचा हिशेब

तुम्ही दोन प्रश्न विचारलेत. पहिला असा: एप्रिल-मे आला की कुडाळजवळच्या तुमच्या घरी न्हाणीघराच्या भिंतीला एक झाडबेडूक चिकटून बसतो, दिवस दिवस हलत नाही. एरवी तपकिरी असणारा हा गडी त्या दिवसांत चुना फासल्यासारखा पांढरट का दिसतो? दुसरा: मृगाच्या पहिल्या दणक्याला शेतात हळद माखल्यासारखे पिवळे बेडूक एका रात्रीत येतात. ते उरलेलं वर्ष कुठे असतात, आणि पावसाचं गणित असंच बिघडत राहिलं तर त्यांच्या शरीराचं काय होईल? दोन्हींची मुळं एकाच ठिकाणी आहेत, म्हणून उत्तर एकत्रच देतो. थोडं लांबेल.

मी 22 वर्षं सह्याद्रीत आणि खाली कोकणात बेडकांच्या मागे रात्री काढल्या आहेत. हवामान म्हटलं की लोक आधी पारा बघतात. बेडकाच्या बाबतीत मी आधी पाणी बघतो आणि पारा मागाहून.

बेडूक तोंडानं पाणी पीत नाही. त्याच्या पोटाच्या मागच्या भागात आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला पातळ, रक्तवाहिन्यांनी भरलेली कातडी असते. ओल्या जमिनीवर पाय फाकवून पोट टेकलं की तिथून पाणी आत शिरतं. शरीर सुकत चाललं की मेंदूतून वासोटोसिन नावाचं संप्रेरक सुटतं आणि त्या कातडीतल्या पेशींच्या पाणी शोषणाऱ्या वाटा उघडतात. कातडीचं दुसरं काम श्वासाचं. बेडकाला फुप्फुसं असतात, पण बरगड्यांचा भाता नसतो, पडदाही नसतो. घशानं हवा गिळून तो ती आत ढकलतो. शरीरातला कार्बन डायऑक्साइड तर मुख्यतः कातडीतूनच बाहेर पडतो, आणि त्यासाठी कातडी ओली असावी लागते. म्हणजे सापासारखे खवले चढवून ती बंद करायची सोय नाही. बहुतेक बेडकांच्या अंगातून पाणी जवळजवळ उघड्या भांड्यातून उडावं तितक्या वेगानं उडतं. जगभरच्या उभयचरांच्या शरीरात जे जे नवल दिसतं, त्यातलं बरंचसं या एका अडचणीवर काढलेला तोडगा आहे.

बेडूक म्हणजे चालताबोलता माठ. माठ पाझरतो, बाष्प उडतं आणि आतलं पाणी गार होतं. ओल्या कातडीच्या बेडकाचंही तसंच. त्याचं अंग हवेइतकं तापत नाही, वेधशाळेतल्या ओल्या फडक्याच्या तापमापकाच्या आसपास राहतं. सोलापूरला मेमध्ये पारा 42 वर असला तरी हवा कोरडी, त्यामुळे माठ छान गार होतो. पण सारखा भरावाही लागतो. तुमच्या कुडाळला पारा 34, पण हवा दमट. माठ धड गार होत नाही, रिकामाही लवकर होत नाही. देशावरच्या बेडकाला तहान मारते, कोकणातल्याला उकाडा जाचतो. दोघांची शरीरं आणि सवयी वेगळ्या असण्याचं बरंचसं कारण इथे आहे.

आता तुमचा न्हाणीघरातला पाहुणा. वर्णनावरून तो ‘पॉलिपेडेटस मॅक्युलेटस’ असावा, भारतभर घरात शिरणारा झाडबेडूक. इंग्रजीत त्याला चुन्यावरूनच ‘चुनाम फ्रॉग’ म्हणतात, म्हणजे तुमची उपमा आधीच कोणाला तरी सुचली होती. कातडीतल्या रंगपेशींमधलं काळं द्रव्य आकसून एकवटलं की अंग फिकं होतं आणि जास्त प्रकाश परतवतं. तो बसतो कसा तेही बघा: हातपाय अंगाखाली दुमडलेले, पोट भिंतीला चिकटलेलं, डोळे मिटलेले. हवेला उघडी राहणारी कातडी जितकी कमी तितकं बाष्प कमी. याहून मजेची गोष्ट 1997 साली अमेरिकेचे हार्वे लिलीव्हाइट आणि त्यांचे भारतीय सहकारी यांनी छापली. हा बेडूक कातडीतून स्निग्ध पदार्थ मिसळलेला स्राव सोडतो आणि हातापायांनी तो अंगभर पुसून घेतो, आपण थंडीत तेल चोळावं तसा. त्यानं बाष्प उडणं कमी होतं. संयम ठेवून टॉर्चच्या मंद उजेडात बसलात तर हे तेल चोळणं घरबसल्या बघायला मिळेल.

दक्षिण अमेरिकेच्या कोरड्या चाको प्रदेशातला ‘फायलोमेड्युसा सॉव्हाजी’ या विद्येतला पट्टीचा कलाकार. तो अंगाला चक्क मेण फासतो, आणि लघवीतलं पाणी वाचवायला युरियाऐवजी पक्ष्यांसारखं युरिक आम्ल बाहेर टाकतो. आपला गडी तेवढा पुढे गेलेला नाही. म्हणून त्याला तुमच्या न्हाणीघराची ओली फरशी लागते. रात्री दिवे मालवले की तो खाली उतरतो, फरशीला पोट टेकवतो आणि दिवसभराची तूट भरून काढतो.

यातून दोन सूचना निघतात. एक, ज्या फरशीवर तो पाणी शोषतो तिथे त्या दिवसांत फिनेल ओतू नका. कातडी पाणी घेते तशी फिनेलही घेते. दुसरी, त्याला उचलून बाहेर टाकू नका. हातात धरला की बेडूक मुततो आणि लोक ‘शी’ म्हणून फेकतात. ती लघवी म्हणजे त्याची टाकी असते. बेडकाच्या मूत्राशयातलं पातळ पाणी गरजेला परत रक्तात ओढलं जातं. ऑस्ट्रेलियातल्या जमिनीत पुरून राहणाऱ्या बेडकांचा हा साठा इतका मोठा, की तिथले आदिवासी वाळवंटात ते उकरून, पिळून पाणी पीत. मे महिन्यात भर दुपारी टाकी रिकामी करून अंगणात सोडलेला बेडूक संध्याकाळ बघेलच असं नाही.

आता पिवळे बेडूक. हा आपला सगळ्यात मोठा बेडूक, ‘हॉप्लोबॅट्रॅकस टायगेरिनस’. एरवी शेवाळी हिरवा नाहीतर तपकिरी. विणीच्या वेळी फक्त नर पिवळेधमक होतात आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या पिशव्या निळ्या होतात. पाऊस ओसरला, शेतं वाळली की हे बेडूक बांधाच्या बिळांत, तळ्याच्या काठच्या चिखलात, दगडांखालच्या ओलाव्यात शिरतात आणि पडून राहतात. ही ग्रीष्मनिद्रा. झोप म्हणजे नुसतं डोळे मिटणं नव्हे, शरीराचा सगळा कारभार मंद करणं. ऑस्ट्रेलियातल्या ‘सायक्लोराना’ गटात मोजलं तेव्हा ऊर्जेचा खर्च एरवी आराम करताना लागतो त्याच्या चौथाई-पाचव्या हिश्शावर आलेला दिसला. अमेरिकेच्या सोनोरा वाळवंटातला ‘काऊच स्पेडफूट’ अंगात युरिया साठवतो. त्यानं रक्त मातीतल्या ओलाव्यापेक्षा दाट होतं, आणि सुकत चाललेली मातीही त्याच्या अंगातलं पाणी सहजी ओढू शकत नाही. देशावर याच धंद्यातली आपली मंडळी आहेत: मागच्या पायाच्या टाचेवरच्या कडक फाळानं, पाठमोरं रुतत जमिनीत जाणारे ‘स्फेरोथेका’ (त्यातल्या एका जातीचं नावच ‘पश्चिमा’, 2017 मध्ये वर्णन झालेली) आणि फुग्यासारखे गोल ‘उपेरोडॉन’. नांगरताना ढेकळातून असा एखादा गोळा निघाला, तर तो मेलेला आहे असं समजू नका.

या झोपेत इंधन असतं चरबी. बेडकाच्या जननग्रंथींना लागून पिवळ्या बोटांसारखे चरबीचे झुबके असतात. पावसाळ्यात खाल्लेले किडे तिथे साठतात. मादीला त्याच साठ्यातून कोरड्या महिन्यांत जगायचं असतं आणि अंडीही तयार ठेवायची असतात, कारण पाऊस पडल्यावर तयारीला वेळ मिळत नाही. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात श्रीनिवास सैदापूर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी आपल्या बेडकांच्या या वार्षिक चक्रावर अनेक वर्षं काम केलं. मोठा बेडूक काटेकोरपणे पावसाला बांधलेला, तर डबक्यात पाण्यावरून टणाटण उड्या मारत पळणारा ‘युफ्लिक्टिस’ लांबलचक हंगामभर वीण करणारा. दोघं एकाच तळ्याचे रहिवासी, पण शरीरातलं घड्याळ वेगळं.

इथे पारा हिशेबात येतो. बेडकाचं रक्त बाहेरच्या तापमानाप्रमाणे चालतं. तापमान 10 अंशांनी वाढलं की शरीराचा खर्च साधारण दोन ते तीन पट होतो. मधली अडीच पट धरली, तर माती 3 अंशांनी जास्त तापली की निजलेल्या बेडकाची चरबी सुमारे 30 टक्के वेगानं जळते. त्यात पाऊस लांबला की दुहेरी फटका. 2023 साली बिपरजॉय चक्रीवादळामुळे मोसमी पाऊस कोकणात अडकून पडला आणि मुंबईत पोचायला 25 जून उजाडला. एरवीची तारीख 11 जून. दोन आठवडे जादा उपवास, तोही तापलेल्या मातीत. अशा वर्षी बाहेर पडलेल्या माद्या हाताला हलक्या लागतात आणि पोटात अंडी कमी असतात. मी वजनकाटा घेऊन फिरतो, म्हणून हे लगेच जाणवतं.

बाहेर पडायची वेळ कळते कशी? मातीत मुरलेला ओलावा, गारवा हे आहेच. पण सोनोराच्या स्पेडफूटवर 1980 च्या सुमारास झालेल्या प्रयोगांत दिसलं, की पावसाच्या थेंबांची जमिनीतून येणारी धडधड त्यांना जागं करायला पुरते. कोरड्या मातीत नुसती मोटार चालवून कंपनं दिली तरी बेडूक वर आले. पाऊस कानानं नाही, हाडानं ऐकतात म्हणा. आपल्या पंचांगवाल्यांनी नक्षत्रांची वाहनं ठरवताना बेडूक हे भरपूर पावसाचं वाहन धरलं, ते शरीरशास्त्र वाचून नसेल, पण निरीक्षणात खोट नाही.

आणि नेमका इथेच घोळ होतो. बेडकाचं शरीर खुणेवर विश्वास ठेवतं. धडधड झाली, माती भिजली, म्हणजे पावसाळा लागला. मे 2021 मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्यालगत गेलं आणि तळकोकणात मेच्या मध्यालाच धो धो पडलं. 2025 मध्ये मोसमी पाऊस 26 मेला मुंबईत पोचला, इतक्या लवकर पूर्वी कधी नोंदलेला नव्हता. पण त्याच महिन्याच्या अखेरीस तो थबकला आणि जूनच्या मध्यापर्यंत पुढे सरकेना. अशा लवकरच्या पावसात बेडूक येतात, ओरडतात, अंडी घालतात आणि मग उघडीप पडते. आठवडाभर कोरडं ऊन पडलं की डबकं आकसत जातं. डबक्याच्या तळाशी टॅडपोलांची (विश्वकोशातला शब्द भैकेर) काळी पोळी झालेली मी बऱ्याचदा पाहिली आहे, वर कावळे.

टॅडपोल अगदीच हतबल नसतो. पाणी कमी झालं, गर्दी वाढली, पाणी तापलं की त्याच्या रक्तात ताणाचं संप्रेरक कॉर्टिकोस्टेरॉन वाढतं. त्यानं थायरॉइडच्या संप्रेरकाचा जोर वाढतो आणि शेपूट गळून पाय फुटण्याचं काम घाईनं उरकतं. काऊच स्पेडफूट तर आठेक दिवसांत डबक्याबाहेर पडू शकतो. पण घाईची किंमत मोजावी लागते. असा बेडूक लहान चणीचा निघतो. लहान शरीर लवकर सुकतं, चरबी कमी साठवतं, पुढच्या उन्हाळ्याला कमी पुरतं. म्हणजे जूनमधल्या दहा दिवसांच्या उघडिपीचा हप्ता पुढच्या मेमध्ये फेडावा लागतो. म्हणून विचारलंत तर मी सरळ सांगतो: आपल्याकडे मेमधल्या 2 अंशांपेक्षा मला जूनमधली उघडीप जास्त धास्तावते.

गोव्यात आणि तळकोकणात याच रात्री आणखी एक घोळ होतो. पहिल्या पावसात ‘जंपिंग चिकन’ म्हणून मोठे बेडूक पकडतात. बेकायदेशीर तर आहेच (तंगड्यांची निर्यात 1987 साली बंद झाली ती उगाच नाही), पण शरीरशास्त्रानं बघितलं तर त्या रात्री पकडलेली मादी म्हणजे आठ महिन्यांची बचत एका थाळीत.

सखल शेतातला बेडूक निदान डबकं बदलू शकतो. घाटमाथ्यावरच्यांचं तसं नाही. आंबोलीला वर्षाला 7,000 मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. इतक्या पाण्यात कोणाला काय कमी पडणार, असं वाटतं. पण तिथला जांभा दगडाचा सडा, म्हणजे उघडं कातळी पठार, पाऊस थांबला की तासाभरात निथळतो आणि उन्हात तव्यासारखा तापतो. ‘आंबोली टोड’ म्हणून ओळखला जाणारा छोटा भेक, ‘झॅन्थोफ्राइन टायग्रिना’, 2009 मध्ये शास्त्राला कळला. तो सड्यावरच्या बोट बुडेल न बुडेल एवढ्या पाण्यात पहिल्या सरींना अंडी घालतो. असल्या उथळ पाण्यात मोठे मासे नसतात, पाणी कोमट म्हणून वाढ झटपट होते, हा फायदा. तोटा काय ते सांगायला नको.

त्याच सड्यावरचा ‘इंडिराना चिरावासी’, ज्याच्या नावातच चिरा आहे. या कुळातल्या बेडकांचे टॅडपोल पाण्यात पोहत नाहीत. ओल्या कातळावर शेपटीनं टेकू देत, उड्या मारत, दगडावरचं शेवाळ खरवडून खातात. त्यांना डबकं लागत नाही, पण कातळावरून झिरपणारी पाण्याची पातळ साय अखंड लागते. ‘राओर्चेस्टेस’ म्हणजे झुडपी बेडूक आणखी पुढे गेले. त्यांनी टॅडपोलच रद्द केला. पानावर किंवा पालापाचोळ्यात अंडं, अंड्यातून थेट चिमुकला बेडूक. ऐकायला वाटतं, पाण्याच्या कटकटीतून सुटले. प्रत्यक्षात त्या अंड्याला कवच नाही, नुसती जेली आहे. आठवडेच्या आठवडे हवा जवळजवळ पूर्ण ओली राहिली तरच ते टिकतं. आषाढातलं धुकं आणि रिपरिप हेच त्यांचं तळं. मुसळधार पाऊस चार दिवसांत कोसळून मग आठ दिवस ऊन, असं झालं तर वर्षाची बेरीज तीच राहते, वर्तमानपत्रात ‘सरासरी गाठली’ असं छापून येतं, आणि अंडी मात्र वाळलेली असतात.

देवगांडूळ राहिला. गांडुळासारखा दिसणारा, पण पाठीचा कणा आणि दात असणारा हा बेडकाचा आंधळा भाऊबंद. रत्नागिरी जिल्ह्यातून 2003 मध्ये वर्णन झालेला ‘गेगेनोफिस शेषाचारी’ थेट पिल्लं घालतो, हे 2008 साली कळलं. अंड्यासाठी बाहेरचा ओलावा सांभाळायची गरजच त्यानं संपवली. पण स्वतःची कातडी सुकू नये म्हणून माती वाळेल तसतसं त्यालाही खोल जावंच लागतं. सड्यावर चिरेखाणी झाल्या तिथे खोल जायला मातीच उरत नाही.

थंडीचं थोडक्यात सांगतो, कारण आपल्याकडे तिचा फार संबंध नाही. अलास्कातला ‘वूड फ्रॉग’ हिवाळ्यात गोठतो. अंगातल्या पाण्याचा जवळपास दोन तृतीयांश बर्फ होतो, हृदय थांबतं, आणि उणे 16 अंशांपर्यंत तो जगतो. गोठायला लागताच यकृत साठवलेली साखर रक्तात ओततं. पेशींच्या आत बर्फ होत नाही. अँडीजमध्ये 3,800 मीटरवरच्या टिटिकाका सरोवरातला ‘टेल्माटोबियस’ पाण्यातून वर क्वचितच येतो. त्याची कातडी ढगळ सदऱ्यासारखी घड्या घड्यांनी लोंबते. विरळ प्राणवायू टिपायला जितका पृष्ठभाग वाढवता येईल तितका वाढवलेला. तीच कातडी, एके ठिकाणी मेण फासून अर्धी बंद केलेली, दुसरीकडे घड्या घालून दुप्पट उघडलेली.

रोगाचाही हवामानाशी संबंध आहे. कायट्रिड ही बुरशी बेडकाच्या कातडीत वाढते आणि क्षारांची ने-आण बिघडवून शेवटी हृदय बंद पाडते. तिला 17 ते 25 अंश मानवतात; 30 च्या आसपास ती तग धरत नाही. त्यामुळे नागपूरच्या डबक्यापेक्षा घाटातला गार ओढा तिच्या सोयीचा. उत्तर सह्याद्रीतल्या बेडकांवर ती 2013 मध्ये नोंदली गेली, पण मध्य अमेरिकेत झाली तशी कत्तल आपल्याकडे दिसलेली नाही. तिकडे कोस्टा रिकाच्या माँटेव्हर्डेत 1987 साली सोनेरी भेक शेकड्यांनी जमले होते. 1989 नंतर एकही कोणाला दिसलेला नाही. त्यात बुरशी किती आणि त्या वर्षीचा कोरडेपणा किती यावर अजून वाद घालतात. मला तो वाद थोडा फोल वाटतो, कारण सुकलेल्या कातडीवर दोन्ही एकाच वेळी काम करतात.

जगभरचा आढावा 2023 मध्ये ‘नेचर’मध्ये आला. 8,000 हून अधिक उभयचर जाती तपासल्या, त्यातल्या सुमारे 41 टक्के धोक्यात. 2004 नंतर ज्यांची स्थिती आणखी बिघडली, त्यांतल्या 39 टक्के जातींसाठी हवामानबदल हे मुख्य कारण. शरीरं बदलतानाही दिसतात. पोर्टो रिकोच्या डोंगरावर ‘कोकी’ बेडकांचा आवाज 23 वर्षांच्या अंतरानं पुन्हा ध्वनिमुद्रित केला, तेव्हा तो जास्त किनरा आणि आखूड झालेला होता. शरीरं लहान झाल्याचं लक्षण. आपल्याकडे अशी जुनी मोजमापं फार थोडी आहेत, आणि तुम्ही मदत करू शकाल ती इथेच.

तुमच्या शेताच्या कोपऱ्यात पहिलं डबकं साचतं म्हणालात. त्यात या वर्षी एक सरळ काठी रोवा आणि तिच्यावर दर दोन सेंटीमीटरला खूण करा. पहिली डरांव कोणत्या रात्री ऐकली, अंडी कधी दिसली, आणि पाणी कोणत्या खुणेपर्यंत उतरलं, एवढं रोज सकाळी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. मध्ये डबकं कोरडं पडलं तर ती तारीख लाल शाईनं. शेपूट गळालेली पिल्लं काठावर आली की त्यातली दहा-बारा एका थाळीत ओला कपडा घालून घ्या, पट्टी शेजारी ठेवून फोटो काढा आणि लगेच सोडा. हात आधी साध्या पाण्यानं धुऊन ओले ठेवा, साबण नको. न्हाणीघरातल्या बुवाला मात्र यातलं काही करू नका. मृगाचा पाऊस लागला की तो आपणहून खिडकीतून निघून जाईल.